चेंडू आणि कर्णधारपद

सोलापुरात इतिहास शिकवताना मी पालवणकर बाळूंचे नाव घेतो, तेव्हा वर्ग गप्प होतो. कोणी ऐकलेलेच नसते. चर्मकार समाजातील हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते मैदान झाडीत, खेळपट्टी लाटीत, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदू संघालाही त्यांचा चेंडू हवासा झाला. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात!

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे अधिकृत कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२३ मध्ये ते धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही झगड्यानंतर.

अमेरिकेतही हेच. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक डाव चालवतो, चेंडू फेकतो. वाइड रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. १९६८ मध्ये मार्लिन ब्रिस्को या काळ्या खेळाडूने डेन्व्हर संघात क्वार्टरबॅकची जागा गाजवली. पुढच्याच वर्षी ती जागा गेली. बफेलो संघात तो रिसीव्हर झाला आणि तिथेही नावाजला गेला. धावायला काळा चालत असे, डाव चालवायला नाही!

घरातला पहिला पदवीधर मी. कामांच्या यादीत माझे नाव वर असते. निर्णयाच्या बैठकीला बोलावणे नसते. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, बाळूंचे बळी मोजा. पण नाणेफेकीला कोण गेले, तेही विचारा.