मातांवरचा आळ

१९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका पित्याने आपल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत ३३ पानांच्या पत्रात लिहून बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांच्याकडे धाडली. मूल माणसांत रमत नसे. गरगर फिरणाऱ्या वस्तूंत रमे. अशा ११ मुलांचे वर्णन कॅनर यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास आपण बहुधा येथून मोजतो.

ही उणीव जन्मजात असावी, असेच कॅनर यांनी लिहिले होते. पण या मुलांचे मायाळू आईबाप थोडेच, असेही ते लिहून गेले. आणि जगाने नेमके तेवढेच उचलले! रिमलँड यांनी १९६४ साली हा आळ खोडला, तरी १९६७ साली बेटेलहाइम यांनी तो पुन्हा मातांच्या माथी मारला. अखेर १९७७ साली फोल्स्टाइन व रटर यांनी जुळी मुले तपासली. एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. भिन्न अशा १० जोड्यांत एकही नाही. दोष मायेचा नव्हता.

१९९२ साली इंग्लंडात दीड वर्षाच्या मुलांसाठी प्रश्नावली निघाली. मूल बोटाने काही दाखविते काय? खोटाखोटा चहा करते काय? हे घरचा डॉक्टरही पाहू शकतो. मात्र त्या चाळणीतूनही पुष्कळ मुले निसटली. म्हणून आईने शंका काढली, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून तिची बोळवण न करता मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे. या इतिहासाचा आरंभ पालकाच्या निरीक्षणानेच झाला, हे आपण विसरू नये.