मुठीचा अंमल

यवतमाळ शहर पठारावर वसले असल्यामुळे पूर्वेस वर्धा नदीच्या खोऱ्यात किंवा दक्षिणेस पैनगंगेच्या काठी जावयाचे म्हणजे वाट उतरणीची. आणि उतरणीवर वाहन हाकण्यापेक्षा ते आवरणे अधिक कौशल्याचे, ही गोष्ट १९०५ पूर्वी सरकारी दफ्तरात या मुलखाची नोंद ‘वणी जिल्हा’ अशी होत असे तेव्हापासून येथल्या बंडीवाल्यांना पक्की ठाऊक होती. कापसाने शिगोशीग भरलेली बंडी उतारास लागली म्हणजे धुरकऱ्याचा सारा जीव कासऱ्यात गोळा होई. किती ओढावे आणि कोठे सैल सोडावे हे त्याला कोणी शिकविलेले नसे, ते त्याचा तळहातच जाणत असे. वाहनावरचा मनुष्याचा अंमल अखेर मुठीतून चालतो. आज मोटारसायकलच्या लिव्हरींची निवड करू पाहणाऱ्या तरुणाचा प्रश्नही मुळात त्या धुरकऱ्याचाच आहे.

१९१६ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला आणि कापसाच्या गाठींना बंडीखेरीज दुसरे वाहन मिळाले. तथापि खेड्यातील सामान्य शेतकऱ्याच्या मुठीत यंत्र येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. १९५५ पासून मद्रासेस बुलेट तयार होऊ लागली, पुढल्या दशकात राजदूत आली. आणि कापसाचे चुकारे हाती पडले की ज्वारी-तुरीच्या हिशेबातून उरलेल्या पैशात एखादे कुटुंब फटफटी घेण्याची तजवीज करू लागले. कासऱ्याची जागा आता दोन लिव्हरींनी घेतली: उजव्या हाताशी पुढच्या चाकाचा ब्रेक, डाव्या हाताशी क्लच. दोहींपासून निघालेली वायर, म्हणजे आवरणात सरकणारी पोलादी तार, ही इंग्लंडात १८९६ साली पेटंट झालेल्या बोडेन केबलचीच संतती होती.

त्या काळी निवड म्हणावी अशी नव्हतीच. ओतीव अॅल्युमिनियमची लिव्हर गाडी पडली की मधोमध तुटे. मग दुकानात ‘कंपनीची’ आणि ‘लोकल’ एवढेच दोन पर्याय समोर येत. परंतु जाणत्या मिस्त्रीचे खरे काम लिव्हर बसविल्यानंतरच सुरू होई. तो मालकालाच गाडीवर बसवी, हात नेहमीसारखे हँडलवर टेकावयास सांगे, आणि लिव्हरीच्या पकडीचा नट सैल करून ती वरखाली फिरवीत राही. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा साधली, मनगट कोठेही मोडले नाही, म्हणजे मगच पाना आवळी. नंतर लिव्हरीच्या मुळाशी रुपयाचे नाणे सरकेल एवढी फट राहीपर्यंत तो वायरचा ॲडजस्टर फिरवी. ही ढिलाई ठेवली नाही तर क्लच अर्धवट सुटलेला राहून त्याच्या प्लेटा जळतात, हे ज्ञान त्याला पुस्तकाने नव्हे, जळक्या प्लेटांनी दिलेले होते.

१९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने जिल्ह्यातील तरुणांना वेगाची गोडी लावली; तिचा ब्रेक मात्र वायरने ओढला जाणारा ड्रमच होता. २००१ च्या पल्सरने पुढच्या चाकाची डिस्क तालुक्याच्या गावांपर्यंत परिचित केली, २००८ च्या आर१५ ने दोन्ही चाकांना डिस्क दिली, आणि उजव्या मुठीतून वायर निघून जाऊन तेथे ब्रेक ऑइल आले. बाहेरून पाहणाऱ्यास लिव्हर तीच दिसते; परंतु तिचे कार्य पालटले, आणि त्याबरोबर तिच्या निवडीतील जोखीमही वाढली.

लिव्हर म्हणजे शाळेत शिकलेली तरफ होय. बोट टेकूपासून १२० मिलिमीटरवर दाबत असेल आणि मास्टर सिलिंडरचा दट्ट्या टेकूपासून २० मिलिमीटरवर ढकलला जात असेल, तर बोटांचे बळ सहापट होते. दोन बोटांची आखूड लिव्हर लावून तेच बोट १०० मिलिमीटरवर आणले, तर ते पाचपटच उरते. आखूड लिव्हर सुबक दिसते आणि उरलेली बोटे मुठीवर मोकळी ठेवते, हे खरे. पण तिचे मोल बोटांना अधिक जोर देऊन चुकवावे लागते.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दट्ट्या विसाव्यावर असताना ऑइलला टाकीत परतण्यासाठी सिलिंडरात एक सूक्ष्म छिद्र उघडे राहते. परक्या मापाची लिव्हर दट्ट्याला केसभर जरी सदैव दाबून धरीत असेल, तरी ते छिद्र झाकले जाते. मग वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, वारंवार ब्रेक लावून तापलेले ऑइल फुगते, परतण्यास वाट नसल्याने पॅड डिस्कवर आवळते, आणि चालकाने बोटही न लावता पुढचे चाक धरले जाते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या गाडीस एबीएस सक्तीचे झाले. तथापि या दोषावर त्याचा इलाज नाही, कारण त्याचे काम धावते चाक अडकू न देण्याचे आहे, सिलिंडराचे छिद्र मोकळे करण्याचे नव्हे.

पोळ्याला बैलाची शिंगे रंगवावीत, त्यांना बेगड लावावी, त्यात शोभाच आहे. परंतु रंगलेली शिंगे पाहून कोणी जाणता शेतकरी बैल खरेदी करीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. लाल-सोनेरी लिव्हरींच्या बाबतीतही हाच विवेक हवा. ती आपल्याच गाडीच्या मॉडेलसाठी घडविलेली आहे काय, टोकाशी गोळा आहे काय (पडल्यास उघडे टोक अंगात घुसू नये म्हणून तो असतो), लिव्हर सोडताच ब्रेकचा दिवा विझतो काय, आणि अंतर कमीजास्त करणारी चकती प्रत्येक खाचेत घट्ट बसते काय, हे पाहावे. लहान हाताच्या स्त्रीपुरुषांसाठी ही चकती खरोखर उपकारक आहे. पूर्वी मिस्त्री जे पान्याने साधू पाहत असे, त्यात तिने पोहोचेच्या अंतराची भर घातली.

आणि सर्वांत शेवटी, घाटाकडे निघण्यापूर्वी, गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे, ब्रेक दहादा दाबून सोडावा, आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले, बोटांना मुळाशी ती जुनी नाण्याएवढी ढिलाई जाणवली, आणि मनगट सरळ राहिले, तर समजावे की लिव्हर आपल्या हाताची आहे.