लहान पत्रें आणि लोकांचे हक्क : फिलिपाइन्सचा धडा

फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा देश. सोळाव्या शतकापासून १८९८ पर्यंत तेथें स्पेनचा अंमल होता. पुढें अमेरिकेचा आला. १९४२ ते १९४५ या काळांत जपानी फौजांनीं तो देश व्यापला. आणि ४ जुलै १९४६ रोजीं तो स्वतंत्र झाला. राज्यकर्ते बदलत गेले, पण एक गोष्ट फारशी बदलली नाहीं. मोठें वर्तमानपत्र चालवावयास मोठें भांडवल लागतें, आणि मोठें भांडवल बहुधा सत्तेच्या सावलींत वाढतें. त्यामुळें रयतेचें गाऱ्हाणें मोठ्या पत्रांच्या स्तंभांत सहसा शिरत नसे. तें कोठल्या तरी आडवाटेनें बाहेर पडे. या आडवाटेचा इतिहास हाच पुष्कळ अंशीं तेथील लोकांच्या हक्कांचा इतिहास आहे.

स्पॅनिश अमदानींत मानिला शहरीं स्पष्ट लिहिणें म्हणजे तुरुंगाला निमंत्रण देणें होतें. म्हणून फिलिपिनो तरुणांनीं राज्यकर्त्यांच्याच देशांत जाऊन पत्र काढलें. १५ फेब्रुवारी १८८९ रोजीं बार्सेलोना येथें ‘ला सोलिदारिदाद’ हें पाक्षिक सुरू झालें. त्याचे पहिले संपादक ग्रासियानो लोपेझ हाएना. त्याच वर्षीं तें माद्रिदला हलविण्यांत आलें आणि संपादकत्व मार्सेलो देल पिलार यांजकडे आलें. होसे रिझाल यांचे लेखही त्यांत येत. पत्राच्या मागण्या सौम्य होत्या : स्पेनच्या प्रतिनिधिसभेंत जागा, कायद्यापुढें समता, मुद्रणाचें स्वातंत्र्य. परंतु सौम्य मागणीचेंही राज्यकर्त्यांना वावडें होतें. अंक चोरून मायदेशीं न्यावे लागत. वर्गणी अनियमित येई. देल पिलार यांच्यावर रस्त्यांतील सिगारेटचीं थोटकें वेंचून ओढण्याची पाळी आली असें सांगतात. नोव्हेंबर १८९५ मध्यें पत्र बंद पडलें, आणि पुढील वर्षीं ४ जुलै रोजीं क्षयानें त्यांचा बार्सेलोना येथेंच अंत झाला.

अर्जविनंत्यांचा मार्ग असा खुंटला, तेव्हां कातिपुनान या गुप्त मंडळानें १८९६ सालीं ‘कालायान’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, या नांवाचें पत्र काढलें. तें तागालोग या लोकभाषेंत होतें. त्याचें संपादन एमिलियो हासिंतो हा विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण पाही. पत्राच्या मथळ्याखालीं मुद्रणस्थळ म्हणून जपानांतील योकोहामा शहराचें नांव घातलें होतें. प्रत्यक्षांत तें मानिलांतच छापलें जात होतें! दुसऱ्या छापखान्यांत काम करणारे मंडळाचे सभासद तेथील खिळे हळूच आणून देत, आणि त्यांची जुळणी होई. या पत्राचा एकच अंक लोकांच्या हातीं पडला. पण त्यानंतरच्या थोड्या महिन्यांत मंडळाची सभासदसंख्या झपाट्यानें वाढली, आणि ऑगस्टमध्यें उठावास तोंड लागलें.

अमेरिकन अमलांत छापण्याची मोकळीक नांवाला होती. ती किती खोल आहे हें १९०८ सालीं कळून आलें. ‘एल रेनासिमिएंतो’ या पत्रानें ३० ऑक्टोबरला ‘शिकारी पक्षी’ अशा अर्थाच्या मथळ्याचा अग्रलेख लिहिला. अधिकाराच्या आडून देशाची संपत्ति बळकावणाऱ्या माणसाचें तें चित्र होतें. त्यांत कोणाचेंही नांव नव्हतें. तरीहि डीन वूस्टर या बड्या अमेरिकन अधिकाऱ्यानें तें आपलेंच चित्र समजून बदनामीची फिर्याद केली! संपादक तेओदोरो कालाव व प्रकाशक मार्तिन ओकाम्पो यांना शिक्षा झाल्या. १९१४ सालीं गव्हर्नर-जनरल हॅरिसन यांनीं त्यांना माफी दिली. पण तोंवर पत्र कायमचें बंद पडलें होतें.

परक्यांच्या राज्यांत असें घडलें यांत नवल नाहीं. खरी कसोटी स्वराज्यांत लागली. राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनीं सप्टेंबर १९७२ मध्यें लष्करी कायदा पुकारला, आणि त्यांच्या अगदीं पहिल्याच हुकुमान्वयें वर्तमानपत्रें व नभोवाणी केंद्रें ताब्यांत घेण्यांत आलीं. संपादक व बातमीदार कैदेंत पडले. पुढें ज्या पत्रांना परवानगी मिळाली तीं बहुतेक अध्यक्षांच्या आप्तमित्रांचीं होतीं. अशा वेळीं विद्यार्थ्यांचीं पत्रें, चर्चमधून निघणारीं चक्रमुद्रित पत्रकें आणि परदेशी नियतकालिकांतील लेखांच्या हातोहातीं फिरणाऱ्या छायाप्रती यांवर लोक आपली तहान भागवूं लागले.

याच काळांत ज्यांना लोक ‘डांस-पत्रें’ म्हणूं लागले तीं पत्रें जन्मास आलीं. आकारानें लहान, पण चावा जाणवणारा, असा त्या नांवाचा भाव. होसे बर्गोस यांनीं १९७७ सालीं काढलेलें ‘वुई फोरम’ हें त्यांतील अग्रणी. मार्कोस यांच्या कीर्तीचा पाया म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील त्यांचा कथित पराक्रम आणि छातीवरचीं डझनावारी पदकें. १९८२ सालीं बोनिफासियो गिलेगो यांनीं या पत्रांत लेखमाला लिहून, यांतील बहुतेक पदकांना आधार नाहीं असें कागदपत्रांनिशीं दाखविलें. शिवीगाळ केली असती तर कदाचित् दुर्लक्ष झालें असतें. पुरावा मात्र झोंबला. ७ डिसेंबर १९८२ रोजीं शिपायांनीं कचेरीवर छापा घातला, छापण्याचीं यंत्रें व कागदपत्रें जप्त केलीं, आणि बर्गोस व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक केली.

बर्गोस गप्प बसले नाहींत. ‘मलाया’, म्हणजे ‘मुक्त’, या आपल्या दुसऱ्या पत्रांतून त्यांनीं १९८३ सालीं काम पुढें चालविलें, आणि झडतीविरुद्ध न्यायालयांत दादही मागितली. २६ डिसेंबर १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें झडतीचीं वॉरंटें रद्द ठरवून जप्त माल परत करण्याचा हुकूम दिला. पदकांच्या प्रकरणीं शेवटचा शब्द जानेवारी १९८६ मध्यें लिहिला गेला. अमेरिकन सैन्याच्या जुन्या दप्तरांतच मार्कोस यांचे गनिमी तुकडीविषयींचे दावे खोटे म्हणून फेटाळलेले आढळले, आणि ती बातमी जगभर झाली.

दरम्यान विरोधी पक्षाचे पुढारी बेनिग्नो आकिनो यांचा २१ ऑगस्ट १९८३ रोजीं मानिलाच्या विमानतळावर खून झाला. त्यांच्या अंत्ययात्रेस लाखों लोक लोटले. सरकारी मर्जींतील पत्रांनीं तिला कोपऱ्यांत जागा दिली. चर्चच्या आश्रयाखालील ‘रेडिओ व्हेरितास’नें मात्र ती सर्व देशाला ऐकविली. १९८६ च्या फेब्रुवारींत निवडणुकींतील लबाडीनें लोक खवळले असतां लष्करांतील एका गटानें बंड केलें. २२ तारखेच्या रात्रीं कार्डिनल सिन यांनीं याच केंद्रावरून लोकांना बंडवाल्यांच्या रक्षणासाठीं रस्त्यावर येण्याचें आवाहन केलें. दुसऱ्या दिवशीं सरकारी शिपायांनीं केंद्राचें प्रक्षेपक यंत्र मोडून टाकलें. तेव्हां जून कीथली या बाईंनीं दुसऱ्या एका केंद्रांतून गुप्तपणें बोलण्यास आरंभ केला. रणगाडे कोठें येत आहेत, गर्दी कोठें कमी आहे, हें त्या रात्रभर सांगत राहिल्या, आणि लोक त्याप्रमाणें धांवत राहिले. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले.

विजयाच्या या कथेवरच थांबणें सोयीचें झालें असतें. पण इतिहास तेथें थांबला नाहीं. २३ नोव्हेंबर २००९ रोजीं मागिंदानाव प्रांतांत ५८ माणसांची एकाच दिवशीं कत्तल झाली. त्यांतील ३२ जण वृत्तव्यवसायांतील होते, आणि बहुतेक प्रांतिक पत्रांत व केंद्रांत काम करणारे होते. मुख्य आरोपींना शिक्षा होण्यास २०१९ चा डिसेंबर उजाडला. पुढें अध्यक्ष दुतेर्ते यांच्या अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेंत खुद्द सरकारी हिशेबानेंच सहा हजारांवर माणसें मारलीं गेलीं. रात्रीं-अपरात्रीं घटनास्थळीं जाऊन मृतांचीं नांवें टिपणाऱ्या बातमीदारांमुळें त्या आंकड्यांना माणसांचे चेहरे लाभले. २०१२ सालीं निघालेल्या ‘रॅपलर’ या लहान वृत्तसंस्थेच्या मारिया रेस्सा यांच्यावर खटल्यांमागून खटले झाले. २०२१ सालीं त्यांना शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा मान मिळाला. आणि २०२२ सालीं मार्कोस यांचेच चिरंजीव मोठ्या बहुमतानें राष्ट्राध्यक्ष निवडून आले.

मग या लहान पत्रांनीं मिळविलें तें काय? याचें उत्तर एका आंकड्यांत आहे. लष्करी कायद्याच्या काळांतील जुलमाचे बळी म्हणून २०१३ च्या कायद्यान्वयें ११,१०३ जणांना सरकारनेंच मान्यता दिली. हुकुमशाहींत ज्यांचा छळ ‘झालाच नाहीं’ असें सांगितलें जात होतें, तो आतां राज्याच्या दप्तरीं नोंदला गेला आहे. निवडणुकीचा कौल बदलतो, लोकांची आठवण पुसट होते, पुसटही केली जाते. ज्या दिवशीं जें घडलें तें त्याच दिवशीं, नांवगांव व पुराव्यासह, कोणी तरी लिहून ठेवलेलें असलें, तर मागाहून आलेल्या पिढीला तें पुन्हा उघडून वाचतां येतें. हक्काचें रक्षण न्यायालयांत होतें, सभेंत होतें, रस्त्यावरही होतें. पण त्या सर्वांच्या आधीं अन्यायाची खरी नोंद व्हावी लागते. फिलिपाइन्समध्यें ती नोंद बहुतेक वेळां लहान पत्रांनीं, थोड्या पैशांत आणि मोठ्या किमतीनें केली आहे.