तळटीपांची कादंबरी

मायकेल क्रायटन यांची ‘स्टेट ऑफ फिअर’ ही कादंबरी डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीच्या पंधरा लाख प्रती छापण्यात आल्या होत्या. ‘जुरासिक पार्क’च्या लेखकाचे नवे पुस्तक वाचकांच्या उड्या पडण्याजोगे ठरणार, हे प्रकाशकांनी गृहीतच धरले होते आणि तसे घडलेही. परंतु थोड्याच दिवसांत तिच्याविषयी जी दुफळी माजली, ती रंजनप्रधान कादंबरीच्या वाट्याला सहसा येत नाही. कोणाला ती कंटाळवाणी वाटली, कोणाला धाडसी, तर कोणाला सरळसरळ अप्रामाणिक. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तिच्या कथानकात रमलेला वाचक आणि तिच्या प्रतिपादनावर लुब्ध झालेला वाचक हे बहुधा एकच नव्हते.

कथानक थोडक्यात असे : पर्यावरणरक्षणासाठी देणग्या देणारा धनाढ्य जॉर्ज मॉर्टन याला, आपण पोसलेल्या संस्थेच्या हेतूंविषयी शंका येऊ लागते. त्याचा तरुण वकील पीटर इव्हान्स आणि विज्ञानाचा प्राध्यापक असलेला गुप्तहेर जॉन केनर हे दोघे मग अंटार्क्टिकापासून सॉलोमन बेटांपर्यंत एका कटाचा माग काढीत जातात. जागतिक तापमानवाढीचे भय लोकांच्या मनावर ठसावे म्हणून काही अतिरेकी पर्यावरणवादी कृत्रिम रीतीने नैसर्गिक आपत्ती घडवून आणणार असतात. त्यांतली शेवटची म्हणजे समुद्रतळ हादरवून उठवलेली त्सुनामी. पुस्तक दुकानांत येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ डिसेंबरला सुमात्रालगतच्या भूकंपाने खरी त्सुनामी उसळली आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून आफ्रिकेपर्यंत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर या कादंबरीचा शेवट निव्वळ कल्पनाविलास म्हणून वाचणे, निदान आशियातील वाचकाला तरी, सोपे राहिले नाही.

वादाचे मूळ मात्र कथानकात नव्हते. ते पानांच्या तळाशी होते. शास्त्रीय नियतकालिकांतील निबंधांचे हवाले देणाऱ्या तळटीपा, निरनिराळ्या गावांच्या तापमानाचे आलेख, अखेरीस लेखकाचे निवेदन, राजकारणाने ग्रासलेल्या विज्ञानावरचे परिशिष्ट आणि त्यानंतर सटीप ग्रंथसूची, असा सारा सरंजाम या पुस्तकात आहे. पात्रे व प्रसंग कल्पित असले तरी तळटीपा खऱ्या आहेत, अशी ग्वाही लेखक आरंभीच देतो. मराठीत ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी जोडण्याची प्रथा आहे आणि ती यादी पाहून वाचक कादंबरीलाच इतिहास समजू लागतो, ही तक्रारही जुनीच. पण तिथे वाद निवर्तलेल्या माणसांविषयी असतो. क्रायटन यांच्या तळटीपांतले संशोधक हयात होते, आणि ते बोलू शकत होते.

ही लकब त्यांच्या लेखनात नवी नव्हती. हार्वर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने १९६९ च्या ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’मध्ये सरकारी अहवाल, संगणकाची छापील पाने आणि संदर्भसूची अशी सजावट केली होती, आणि तिच्यातील कित्येक संदर्भ चक्क रचलेले होते. १९७६ च्या ‘ईटर्स ऑफ द डेड’मध्ये दहाव्या शतकातील अरब प्रवासी इब्न फद्लान याच्या वृत्तान्ताला त्यांनी पदरचा मजकूर अशा बेमालूमपणे जोडला, की पुढे खरे कोठे संपते हे आपल्यालाही नक्की सांगता येईना, असे त्यांनीच लिहून ठेवले. या खोट्या संदर्भांबद्दल वाचकांनी फारसा राग धरला नाही; तो खेळाचाच भाग मानला गेला. २००४ मध्ये संदर्भ खरे दिले, आणि फसवणुकीचा आरोप तेव्हा झाला. कल्पिताला सत्याचा पोशाख चढवणे वाचक मान्य करतो, कारण तो पोशाख आहे हे त्याला ठाऊक असते. खरा निबंध एका कल्पित पात्राच्या तोंडी घालून त्याच्याकडून निर्णय वदवून घेतला, की कोणत्या कराराने वाचायचे हेच त्याला कळेनासे होते.

सामान्य वाचकाची तक्रार याहून साधी होती. पाठलाग ऐन रंगात आला असता पात्रे विमानात बसतात आणि व्याख्यान सुरू होते, असे त्याचे म्हणणे. आणि ते खोटे नाही. केनर कोणत्याही वादात हरत नाही. त्याच्यासमोर उभे केलेले लोक, विशेषतः टेड ब्रॅडली हा पर्यावरणप्रेमी नट, ऐकीव वाक्यांपलीकडे काही बोलत नाहीत. या नटाला अखेर नरभक्षकांच्या तोंडी देऊन लेखक त्याचा निकालच लावतो. भारतीय शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या समर्थपणे मांडावा, असा दंडक होता. येथे पूर्वपक्ष मुळातच लुळा आहे, त्यामुळे उत्तरपक्षाच्या विजयाला फारशी किंमत उरत नाही. वाङ्मयदृष्ट्या कादंबरीतला मोठा दोष हाच आहे, तिची राजकीय बाजू कोणतीही असो.

आणि तरीही तिच्या बाजूने बोलणारे वाचक सारे भाबडे किंवा हितसंबंधी होते, असे म्हणता येणार नाही. प्राध्यापक हॉफमन या विक्षिप्त पात्राच्या तोंडी जो विचार आहे तो खरोखर कसदार आहे : १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळून शीतयुद्धाचे भय ओसरले, तेव्हा राज्यकर्ते, कायदेपंडित आणि प्रसारमाध्यमे यांना समाज धाकात ठेवण्यासाठी नवे भय हवे झाले. २००१ नंतरच्या अमेरिकेत हे वाचताना कोणाच्या मनात दहशतवादाच्या भयाचे राजकारण आले असल्यास नवल नाही. कादंबरीचा रोख मात्र पर्यावरणवाद्यांवरच खिळून राहतो. समर्थक आणि टीकाकार दोघेही तापमानाच्या आकड्यांत इतके गुंतले, की या विचाराची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

आकड्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांचे आक्षेप नेमके होते. जेम्स हॅन्सन यांनी जून १९८८ मध्ये सिनेटसमोर तापमानवाढीचे तीन पर्यायी अंदाज मांडले होते आणि त्यांतला मधला सर्वांत संभाव्य मानला होता. कादंबरीत केवळ सर्वांत वरचा अंदाज हिशेबात धरून, हॅन्सन तीनशे टक्के चुकले, असे म्हटले आहे. प्रत्यक्षातील तापमान मधल्या अंदाजाच्या बऱ्याच जवळ राहिले होते. ऑल्बनीसारख्या एकेका ठाण्याचा आलेख पुढे करून पृथ्वीची सरासरी खोडता येत नाही, हेही अनेकांनी दाखवून दिले. शेवटच्या निवेदनात लेखक येत्या शतकातील तापमानवाढ ०.८१२४३६ अंश सेल्सियस असेल असा ‘अंदाज’ सांगतो. भाकितांच्या फाजील काटेकोरपणाचा हा उपहास होता. परंतु सहाशे पानांच्या आसपास खऱ्या आलेखांवर विश्वास ठेवायला शिकवलेल्या वाचकाने हे एकच स्थळ विनोद म्हणून ओळखावे, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायची.

यानंतर कादंबरीने ग्रंथालयाची वेस ओलांडली. सिनेटच्या पर्यावरणविषयक समितीचे अध्यक्ष जेम्स इन्होफ यांनी ती समितीच्या सदस्यांसाठी आवश्यक वाचन ठरवली, आणि २८ सप्टेंबर २००५ रोजी क्रायटन यांना साक्षीसाठी पाचारण केले. संशोधनाची पडताळणी स्वतंत्र व्यक्तींकडून व्हावी, जशी औषधांच्या चाचण्यांत होते, हा त्यांनी तेथे मांडलेला मुद्दा विचार करण्याजोगाच होता. पण एका कादंबरीकाराला हवामानाचा जाणकार म्हणून बसवलेले पाहून हिलरी क्लिंटन यांच्यासारख्या सदस्यांनी नापसंती दर्शवली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही कादंबरी वाचून लेखकाशी तासभर चर्चा केली होती, हे २००६ मध्ये एका पत्रकाराच्या पुस्तकातून बाहेर आले. त्याच वर्षी खनिज तेलाच्या भूवैज्ञानिकांच्या अमेरिकी संघटनेने या कादंबरीला आपले पारितोषिक दिले, आणि तेही पत्रकारितेचे! संघटनेतच कुरबुर झाली. पुढे पारितोषिकाच्या नावातून पत्रकारिता हा शब्द गेला.

जुलै २००६ मध्ये पीटर डोरन या संशोधकाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. अंटार्क्टिकाचा काही भाग १९६६ ते २००० या काळात थंड झाल्याचे त्यांच्या चमूने २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले होते, आणि केनर आपल्या वादात त्याच निबंधाचा आधार घेतो. तापमानवाढ नाकारण्यासाठी आपले संशोधन वापरले जात आहे, ते तसे सांगत नाही. नाकारणाऱ्यांच्या यादीतून आपले नाव काढावे, अशी त्यांची मागणी होती. क्रायटन नोव्हेंबर २००८ मध्ये वारले. डोरन यांच्या निबंधाचा हवाला छापील प्रतींत होता तिथेच राहिला.