तू-तू-मी-मी : सासू-सुनेच्या भांडणावर हसायला आपण कधी शिकलो?

बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, ज्वारी निवडत निवडत ऐकलं तरी चालेल. आज आम्ही सासू-सुनेच्या भांडणाचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. पण चुलीपुढच्या भांडणालाही इतिहास आहे, आणि त्या भांडणावर हसण्यालाही आहे.

सुरुवात टीव्हीपासून नाही, पैठणपासून करू. आपल्या गेवराईच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी, सोळाव्या शतकात संत एकनाथ होऊन गेले. त्यांचं रोडग्याचं भारूड तुम्ही जत्रेत, कीर्तनात ऐकलं असेल. त्यातली सून भवानीआईला नवस बोलते. सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर, एकेकाला देवीनं उचलावं आणि आपल्याला एकटीला मोकळं करावं, असं तिचं मागणं. ऐकणारे पोट धरून हसतात. कीर्तनकार मग अर्थ सांगतात की ही माणसं म्हणजे मनातले विकार. तो अर्थ आहेच. पण नाथांनी विकारांना सासू आणि जावेची नावं दिली, कारण समोर बसलेल्या बायकांना ती लगेच ओळखू येणार होती. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही हे दुखणं घरोघरचं होतं, आणि चारचौघांत ते हसूनच बोलता येत होतं.

दुसरी जागा जात्याची. पहाटे एका खुंट्याला दोघींचे हात लागायचे. कधी जावा-जावा, कधी नणंद-भावजय, कधी सासू-सून. ओवीत माहेर यायचं, भाऊ यायचा आणि सासरचा जाचही यायचा. जे तोंडावर बोलता येत नाही ते ओवीत गाता येत होतं. हेमा रैरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये आपल्या माजलगावच्या भीमनगरातही त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. तोवर गावोगाव पिठाची गिरणी आली होती. पहाटेचं जातं थांबलं, आणि बायकांची ती बोलायची जागाही गेली.

मग आला टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चि. वि. जोशींच्या लेखणीतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या शेवटी पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. घरातल्या साध्या माणसांवर सगळ्यांनी मिळून हसायचं, ही सवय मराठी प्रेक्षकाला तिथं लागली.

सासू-सुनेचं भांडण मात्र भर मैदानात आणलं ते १९९४ मध्ये 'तू तू मैं मैं' या मालिकेनं. मालिका हिंदी, पण घडवणारी माणसं आपली. दिग्दर्शक सचिन पिळगावकर. सासू देवकी म्हणजे रीमा लागू. सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर, सचिन यांच्या पत्नी. सासरा कुलदीप पवार. आधी ती दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर लागली, नंतर स्टार प्लसवर गेली आणि २००० पर्यंत चालली. मेट्रो वाहिनी मुळात शहरांसाठी होती. खेड्यातल्या अँटेनाला दूरदर्शनची पहिली वाहिनी मिळाली तरी खूप. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणींच्या ती नजरेला पडली केबल आल्यावर.

एक गंमत सांगतो. रीमा लागू यांचा जन्म १९५८ चा, सुप्रिया यांचा १९६७ चा. दोघींत नऊ वर्षांचं अंतर. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ही सासू जेमतेम छत्तीस वर्षांची होती! रीमाताई रंगभूमीच्या घरातल्या. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे याही नाटकात काम करायच्या. सिनेमात रीमाताईंना प्रेमळ आईची कामं मिळत. इथं त्यांनी टोमणे मारणारी, रुसणारी, सुनेवर डाव टाकणारी सासू केली आणि ती लोकांना आवडली. १८ मे २०१७ रोजी त्या गेल्या, तेव्हा लोकांनी सिनेमातल्या आईइतकीच ही सासूही आठवली.

का आवडली? आमच्या मते कारण असं, की त्या घरात दोघींचं बळ सारखं होतं. सासूनं एक टोला दिला की सुनेचा दुसरा तयार. दोघींपैकी कुणी कायमची हरत नव्हती आणि कुणाला घराबाहेरही काढलं जात नव्हतं. मधे अडकायचे ते सासरा आणि नवरा. खऱ्या आयुष्यात सून गप्प बसते, रात्री रडते. पडद्यावरची सून बोलत होती, आणि सासूही आतून वाईट नव्हती. आठवड्यातून एकदा अर्धा तास का होईना, सासू आणि सून शेजारी शेजारी बसून एकाच गोष्टीवर हसत होत्या. जात्यावर जे व्हायचं, त्याचीच ही सावली म्हणा.

पण मालिकेनं एक प्रश्न कधी विचारला नाही. भांडण स्वयंपाकघराचं होतं, मुलगा कुणाचं ऐकतो याचं होतं. घर कुणाच्या नावावर आहे, हे कुणी काढलं नाही. दोघी ज्या चार भिंतींसाठी भांडतात त्या दोघींच्याही नसतील, तर जिंकणारीला मिळतं काय?

आता बघा, त्याच १९९४ साली महाराष्ट्रात काय झालं. राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. आणि राज्यानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका, जन्मापासूनचा हक्क दिला. अट एकच, २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकींना तो नव्हता. पुढं २००५ मध्ये केंद्रानं साऱ्या देशासाठी दुरुस्ती केली आणि ही लग्नाची अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. त्याआधी रीतसर वाटण्या झालेल्या असल्या तर मात्र गोष्ट वेगळी.

आणि सासू-सुनेबद्दल तर कायदा १९५६ पासूनच बोलतो आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या रांगेतले वारस, आणि सगळ्यांचा वाटा सारखा. बाप त्या रांगेत नाही. समजा कुणाच्या वाट्याची चार एकर जमीन आहे आणि मागं आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी आहेत. चौघांना एकेक एकर. म्हणजे कायद्यानं सासू आणि सून यांना शेजारी शेजारी, बरोबरीनं उभं केलंय. सून सासूचं नाव गाळू शकत नाही, आणि सासू सुनेला 'तू परकी' म्हणून बाजूला करू शकत नाही. सुनेनं पुढं दुसरं लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा जातही नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. शेतकरी आत्महत्यांनी आपल्या जिल्ह्यातली किती घरं पोळली आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे. कर्ता गेल्यावर तेराव्याच्या आत सासू-सुनेला एकमेकींविरुद्ध उभं करणारी माणसं भेटतात. दीर सासूच्या कानाशी लागतो, माहेरचे सुनेच्या. वारसाच्या फेरफारात दोघींची नावं लागली की त्या कानगोष्टींना जागा उरत नाही.

मालिकांचं पुढं काय झालं? ३ जुलै २००० ला त्याच स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि आठ वर्षं चालली. मराठीत २००१ पासून 'चार दिवस सासूचे' आली, तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. भांडण तेच, पण आता रोजचं आणि डोळ्यांत पाणी आणणारं. एक बाई देवी, दुसरी कारस्थानी. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सारखी हसती-खेळती मालिका त्याच काळात येऊन गेली, तीत प्रभावळकर आबा झाले होते. पण एकंदर वारं रडण्याकडे फिरलं. हसण्याच्या मालिकेत दोघी माणसं होत्या. रडण्याच्या मालिकेत एकीला खलनायिका व्हावंच लागलं. रोज तेच बघून आपणही घरातल्या बाईकडे तशाच नजरेनं बघायला लागतो, हे ध्यानात ठेवा.

आता आपलं घर. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मात्र बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. सून सहा महिने फडात, सासू इकडे नातवंडं सांभाळते, त्यांना शाळेत धाडते, शेळ्या बघते. सासू मागं राहिली नाही तर लेकरांना फडावर न्यावं लागतं आणि शाळा सुटते. सासूचं हे काम उचलीच्या हिशेबात कुठंच धरलेलं नसतं, आणि सुनेच्या मजुरीवर तिचं नाव नसतं. परत आल्यावर भांडण होतं ते धान्य किती उरलं आणि साखर कुणी संपवली यावर. हिशेब मागायचा कुणाकडं, ते दोघी विसरतात.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला सासवा आणि सुना दोघी या. घरपट्टीच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, सातबारावर कुणाचं, उचल किती घेतली आणि ती कुणाला माहीत आहे, हे तीन प्रश्न एकमेकींना विचारा. उत्तर येत नसेल तर दोघी मिळून ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे जा. वाटेत भांडलात तरी हरकत नाही.