शून्य गळतीचा आकडा

आज एका आकड्याचा इतिहास सांगतो. नेटवर्कचं काहीही विकायला येणारा माणूस हाच आकडा आधी पुढे करतो. थ्रूपुट!

त्याची व्याख्या 1991 ची. हार्वर्डमध्ये राउटर तपासणाऱ्या स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी 1242 मध्ये ती लिहिली: एकही पॅकेट न गळता यंत्राला झेपणारा सर्वाधिक वेग. मोजण्याची रीत 1999 च्या आरएफसी 2544 मध्ये पक्की झाली. 64 ते 1518 बाइटच्या फ्रेम सोडायच्या, चाचणी किमान 60 सेकंद चालवायची, गळती दिसली की वेग उतरवून पुन्हा बघायचं.

तेव्हा राउटर म्हणजे एकच काम करणारी स्वतंत्र पेटी. पण ऑक्टोबर 2012 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला बड्या दूरसंचार कंपन्यांनी ठरवलं, की या पेट्यांची कामं साध्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये करायची. इथून मोजमापाची खरी पंचाईत सुरू झाली.

हिशोब बघा. 10 गिगाबिटच्या जोडणीवर 64 बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख येतात. एका फ्रेमच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला जेमतेम 200 ठोके! त्यात ऑपरेटिंग सिस्टीमनं क्षणभर दुसरं काम काढलं, की एखादं पॅकेट गळालंच. शून्य गळतीचा नियम म्हणतो, नापास. शोध दरवेळी वेग अर्ध्यावर आणत चालला असेल, तर त्या एका अपघातानं अख्खा निकाल खाली घसरतो. उलट 1518 बाइटच्या फ्रेम वापरल्या, तर सेकंदाला फक्त 8 लाखांच्या आसपास येतात आणि तेच सॉफ्टवेअर झकास दिसतं.

मग 2017 च्या आरएफसी 8172 नं बजावलं, की सर्व्हरची आणि सॉफ्टवेअरची सगळी मांडणी निकालासोबत नोंदवा. 2018 मध्ये एत्सी या युरोपीय मानक संस्थेनं नवी शोधपद्धत आणली: गळती दिसली तर त्याच वेगाला पुन्हा तपासा, मगच निकाल द्या.

मला यातलं मोल असं वाटतं. आकडा फुगवलेला असेल, तर गर्दीच्या वेळी लोकांचे कॉल तुटतात. उगाच पडलेला असेल, तर चांगलं सॉफ्टवेअर नाकारलं जातं. म्हणून कोणी थ्रूपुट सांगितलं, की तीन गोष्टी विचारा: फ्रेम केवढी, प्रोसेसरचे कोअर किती, आणि चाचणी किती वेळा केली? उत्तर नसेल, तर तो आकडा बाजूला ठेवलेलाच बरा.