कोचीत जिंकलेला करंडक

दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यात १९८८ साली चर्चिल ब्रदर्स हा फुटबॉल क्लब उभा राहिला. तो वार्का गावच्या आलेमाव कुटुंबाचा. त्यातले चर्चिल आलेमाव १९९० मध्ये काही दिवस गोव्याचे मुख्यमंत्रीही होते. एका घराने आख्खा संघ पोसावा याचं परभणीच्या वाचकाला नवल वाटेल, पण गोव्यात ती रीतच होती. धेंपो, साळगावकर हे संघही अशाच घराण्यांच्या नावाने खेळले.

१९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग झाली. पंजाबचा जेसीटी संघ पहिला आला, चर्चिल दुसरा. विजेतेपद हाती यायला २००८-०९ उजाडलं. तेव्हा सर्बियाचे झोरान जॉर्जेविच प्रशिक्षक होते आणि नायजेरियाचा ओडाफा ओकोली गोलांचा पाऊस पाडत होता. २०१२-१३ मध्ये सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखाली लीग पुन्हा जिंकली. त्या संघात सुनील छेत्री होता, लेनी रॉड्रिग्ससारखी गोव्याची मुलंही होती.

मग घसरण लागली. छेत्री नव्याने निघालेल्या बंगळुरू एफसीकडे गेला आणि तो क्लब पहिल्याच वर्षी लीग जिंकून बसला. गतविजेता चर्चिल मात्र तळाशी चाचपडत होता.

त्या पडत्या काळात, जानेवारी २०१४ मध्ये, केरळात फेडरेशन कप भरला. १९७७ पासून चालत आलेल्या या स्पर्धेचं विजेतेपद चर्चिलला कधीच मिळालं नव्हतं. २५ जानेवारीला कोचीत अंतिम सामना झाला, समोर गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. चर्चिलने तो ३-१ असा जिंकला. लीगमध्ये गुण मिळत नसताना खेळाडूंनी करंडक स्पर्धेत अशी उभारी धरावी, ही माझ्या मते त्यांच्या दोन्ही लीग विजेतेपदांपेक्षा मोठी कमाई. जिंकणारा संघ जिंकतच राहतो, त्यात एक लय असते. इथे ती लय कधीच तुटली होती.

पण दिलासा फार टिकला नाही. परवान्याचे निकष पूर्ण झाले नाहीत म्हणून त्याच वर्षी क्लबला आय-लीग या राष्ट्रीय लीगबाहेर जावं लागलं. २०१५ च्या एएफसी कपमध्ये भारताकडून खेळले ते बंगळुरू आणि ईस्ट बंगाल. आशियाई मैदानाचं जे दार करंडकाने उघडायचं, ते चर्चिलसाठी बंदच राहिलं. चूक कार्यालयातली आणि भोगलं घाम गाळणाऱ्यांनी, याची खंत मला आजही वाटते.

२०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीग सोडली. गोव्याची जागा रिकामी झाली आणि २०१६-१७ च्या हंगामात चर्चिल परतला. २०२०-२१ मध्ये गोकुलम केरळा आणि चर्चिल दोघांचे २९ गुण झाले. आपसातल्या सामन्यांच्या हिशेबावर चषक गोकुलमकडे गेला. २०२४-२५ मध्ये चर्चिल ४० गुणांवर पहिला आला, भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला विजेता ठरवलंही. इंटर काशीने मात्र एका सामन्याच्या गुणांचा वाद क्रीडा लवादापुढे नेला आणि १८ जुलै २०२५ रोजी विजेतेपद त्यांच्या नावे झालं.

फेडरेशन कप २०१७ नंतर भरलाच नाही. त्याच्या विजेत्यांच्या यादीत २०१३-१४ पुढे चर्चिल ब्रदर्स हे नाव आहे, आणि ते कोणत्याही लवादापुढे गेलेलं नाही.